खडा पडेपर्यंत

अगं, तू पाठवलेला सोनोग्राफीचा रिपोर्ट मी नीट वाचला. उजव्या बाजूला ५ मिलिमीटरचा खडा, मूत्रवाहिनी मूत्राशयाला मिळते त्या तोंडाशी अडकलेला, आणि वर किडनीला थोडी सूज. ‘व्हीयूजे कॅल्क्युलस’, ‘माइल्ड हायड्रोनेफ्रोसिस’ असले शब्द पाहून तुमच्या घरात ऑपरेशनची बोलणी सुरू झालीत, हे तुझ्या सासूबाईंच्या फोनवरून कळलं. भावोजी कल्याणच्या हॉस्पिटलांचे दर विचारतायत म्हणे. जरा थांबा सगळे, आणि माझं ऐक. मी डॉक्टर नाही, पाड्यापाड्यांत फिरणारी आशा सेविका आहे. पण मूतखड्याने लोळणारी माणसं मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात मी इतकी नेलीत, आणि डॉक्टरांना इतके प्रश्न विचारलेत, की या दुखण्यात कुठे धीर धरायचा आणि कुठे धावायचं, एवढं मला पक्कं ठाऊक झालंय. तेच तुला सांगायचंय.

आधी धीराचं. किडनीपासून मूत्राशयापर्यंतची ही नळी साधारण २५ सेंटिमीटर लांब असते आणि आतून जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद. वाटेत ती तीन ठिकाणी आणखी अरुंद होते: किडनीतून निघते तिथे, कमरेतल्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते तिथे, आणि मूत्राशयात शिरते तिथे. तुझा खडा पहिल्या दोन जागा ओलांडून शेवटच्या तोंडाशी आलाय. म्हणजे बरीचशी वाट त्याने चालून झाली आहे. ५ मिलिमीटरपर्यंतच्या खड्यांचं असं आहे, की तिघांपैकी दोघांचे कुठल्याही शस्त्रक्रियेवाचून लघवीवाटे पडून जातात. ५ ते १० मिलिमीटरच्या खड्यांपैकी जवळजवळ निम्मे पडतात. त्याहून मोठा असेल तर मात्र आपोआप पडण्याची आशा फार थोडी. आणि खडा जितका खाली, तितकी त्याची पडण्याची शक्यता जास्त.

वेळ किती लागेल, हे तू विचारलंस. २ मिलिमीटरचा कण असेल तर आठवड्याभरात जातो. तुझ्याएवढ्या खड्याला सरासरी तीन आठवडे लागतात, काहींना त्याहून जास्त. डॉक्टर साधारण चार ते सहा आठवडे वाट पाहतात. त्याच्या पुढे नाही, कारण अडून राहिलेल्या लघवीचा दाब किडनीला हळूहळू कायमचा दुखावतो. तेव्हा ही वाट पाहणं म्हणजे काही न करता बसणं नव्हे, हासुद्धा उपचारच आहे. फक्त तो तारखा लिहून, तपासण्या करून, डोळे उघडे ठेवून करायचा उपचार आहे. सासूबाईंना हे असंच सांग. ‘डॉक्टरांनी काही केलं नाही, नुसत्या गोळ्या दिल्या’ असं त्यांना वाटतंय ना, त्याने त्यांचा जीव वरखाली होतोय.

आता जिथे धीर धरायचा नाही ते सांगते, आणि हे भावोजींनाही वाचून दाखव. खडा अडकलेला असताना थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट बघायची नाही. वर अडलेल्या लघवीत जंतू वाढले की ते काही तासांत रक्तात उतरतात, आणि मग जिवावर बेततं. अशा वेळी नुसती अँटिबायोटिकची गोळी पुरत नाही, अडलेली लघवी मोकळी करावी लागते. त्यासाठी दुर्बिणीने आत बारीक नळी घालतात किंवा पाठीतून नळी सोडतात. आपल्याकडे काय होतं, ताप म्हटलं की पावसाळ्यात मलेरिया समजतात, क्रोसिन देऊन निजवतात. डोळखांबच्या आतल्या पाड्यावरून किंवा टोकावड्याच्या पुढून रात्री गाडी मिळवायची म्हणजे काय, ते मला सांगायला नको. म्हणूनच थांबायचं नाही. १०८ला फोन लावा, शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय गाठा, आणि तिथे पहिलं वाक्य हेच बोला की खडा आहे आणि ताप आलाय. लघवी अजिबात होईनाशी झाली, उलट्या इतक्या की गोळीही पोटात टिकेना, कळ इंजेक्शननेही थांबेना, तरी तसंच निघायचं. एकच किडनी असलेल्या माणसाने आणि गरोदर बाईने तर घरी वाट बघूच नये.

पाळी चुकली असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांग. सोनोग्राफीने पोटातल्या बाळाला काही होत नाही, पण एक्स-रे आणि सीटी स्कॅन करण्यापूर्वी आणि गोळ्या लिहून देण्यापूर्वी त्यांना ते माहीत असायलाच हवं. आणि हे फक्त तुझ्या-माझ्यात: लघवीत रक्त दिसलं तर बायका ते पाळीचं समजून सोडून देतात. ओटीपोटातली कळ ‘पिशवीचं दुखणं’ म्हणून अंगावर काढतात. माझ्या एका शेजारणीची कंबर महिनोन्‌महिने दुखत होती. घरचे म्हणायचे, हंडे वाहून दुखते. निघाला खडा. बाईचं कंबर दुखणं कामातच जमा धरायची आपल्याकडे सवय आहे, आणि त्या सवयीचा मला मनापासून राग येतो.

कळ आली की काय करायचं? ही कळ का येते ते कळलं की सोपं जातं. नळी खड्याला पुढे ढकलायला आवळते, मागे लघवी तुंबते, किडनीवर ताण येतो. तो ताण म्हणजेच ती कळ. पाठीतून सुरू होऊन कुशीतून जांघेत उतरणारी, कुठल्याही कुशीवर चैन पडू न देणारी. यावर सगळ्यात चांगला उतार डायक्लोफेनॅकच्या जातीच्या औषधांनी पडतो, कारण ती दुखणं तर थांबवतातच, नळीची सूज आणि किडनीवरचा ताणही कमी करतात. पण ती मेडिकलमधून मनाने आणून रोज खायची नाहीत. किडनी आधीच कमजोर असेल, पोटात अल्सर असेल, गरोदरपण असेल, तर ती घातक. आपली मावशी गुडघ्यांसाठी त्याच गोळ्या वर्षानुवर्षं घेते, तिच्या डब्यातली उचलून घेऊ नको. डॉक्टरांनी किती आणि किती दिवस लिहून दिलंय तेवढंच. पॅरासिटॅमॉल त्या मानाने सौम्य, पण पुष्कळांना तेवढ्यानेही उतार पडतो. गरम पाण्याच्या पिशवीने कुशीला शेक दिलास तर खरंच बरं वाटतं, ती नुसती मनाची समजूत नाही.

आणि एक चूक हमखास सगळे करतात, ती तू करू नको. ‘पाणी पी, पाणी पी, खडा वाहून जाईल’ म्हणत ऐन कळेत तांब्यावर तांब्या पाजतात. वाट अडलेली असताना मागून एवढं पाणी लोटलं तर दाब वाढतो, कळ वाढते, उलटी होते. त्याने खडा लवकर पडत नाही. ‘दोन बाटल्या लावल्या की खडा निघतो’ या समजुतीचंही तेच. उलट्यांनी शरीर सुकलं असेल तर सलाइन हवंच, पण ते खड्याला धक्का मारायला नव्हे. कळ असेपर्यंत तहानेपुरतं, घोट घोट. कळ ओसरली की मग भरपूर.

डॉक्टरांच्या चिठ्ठीतली टॅमसुलोसिनची रात्रीची गोळी पाहून तू दचकलीस, कारण गुगलवर ती पुरुषांच्या प्रोस्टेटची गोळी म्हणून दिसली. बरोबर आहे, ती मूळची त्याचीच. पण नळीचा खालचा भाग ती सैल करते, म्हणून बायकांनाही खड्यासाठी देतात. खरं सांगायचं तर या गोळीवर डॉक्टरांचं एकमत नाही. २०१५ साली ब्रिटनमध्ये हजाराहून जास्त रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिच्यात गोळीचा फरक दिसला नाही. दुसऱ्या काही अभ्यासांत ५ मिलिमीटरहून मोठ्या आणि अगदी खाली आलेल्या खड्यांना ती मदत करते असं दिसलं, म्हणून ती अजून लिहिली जाते. तुझा खडा बरोबर त्या सीमेवर आहे आणि अगदी खाली आहे, म्हणून घ्यायला हरकत नाही. फक्त तिने रक्तदाब उतरतो, घेरी येते. जेवल्यावर, निजताना घे. रात्री लघवीला उठशील तेव्हा आधी खाटेवर बसून राहा, मग उभी राहा.

आता पानफुटी. तुझ्या सासूबाई रोज सकाळी दोन पानं खायला देतायत ना? देऊ दे. कुळथाचं कढण करतात, तेही पी, पौष्टिक आहे. वायवर्ण्याची कोवळी पानं तर आपण पावसात भाजी करून खातोच, आणि त्याच झाडाची साल, म्हणजे वरुण, गोखरू आणि पाषाणभेद यांच्यासोबत आयुर्वेदात खड्यावर सांगितलेली आहे. सुश्रुतसंहितेत ‘अश्मरी’ या नावाने मूतखड्याचं वर्णन आहे, शस्त्राने तो कसा काढायचा तेही आहे. म्हणजे आपल्या लोकांना हे दुखणं आणि त्याचं गांभीर्य फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. पण नळीत अडकलेला कॅल्शियमचा खडा पानाने किंवा काढ्याने विरघळला, याला भक्कम पुरावा नाही. ज्यांचा खडा पानफुटीने पडला म्हणतात, त्यांच्यातल्या बहुतेकांचा तो पडणारच होता. तेव्हा पान खा, पण पानावर विसंबून सोनोग्राफीची तारीख चुकवू नको. आणि पुडीत बांधून दिलेलं, नाव-गाव नसलेलं भस्म मुळीच घेऊ नको. त्यात शिसं-पारा असला तर किडनी वाचवता वाचवता तीच जायची. काढा घ्यायचाच असेल तर शिकलेल्या वैद्याकडून घे, आणि त्यांना या गोळ्या दाखव.

भगताकडे जाण्याबद्दल मी कोणाला टाकून बोलत नाही. ठाकर-कातकरी वस्तीत भगत हा रात्रीबेरात्री हाकेला येणारा माणूस असतो, दवाखाना तसा येत नाही. माझी भगतांशी चांगली ओळख आहे, आणि ताप आलेला खडेवाला रुग्ण ते स्वतः माझ्याकडे पाठवतात. पण पोटाला नळी लावून, तोंडाने ओढून खडा काढून दाखवणारे जे गावोगाव फिरतात, त्यांच्याकडे जायचं नाही. पोटाच्या कातडीतून खडा ओढून निघत नाही. तो आधीच तोंडात धरलेला असतो. त्या फसवणुकीत पैसे जातात ते जातात, पण खडा निघाला या भरवशावर माणूस निवांत राहतो आणि आत किडनी सुजत राहते.

यावरून सगळ्यात महत्त्वाचं आठवलं. कळ थांबली म्हणजे खडा पडला, असं नाही. कधी कधी अडलेली किडनी हळूहळू काम कमी करते, ताण उतरतो, दुखणं थांबतं, आणि माणूस सुटलो म्हणून कामाला लागतो. म्हणून खडा डोळ्यांनी दिसेपर्यंत प्रत्येक वेळची लघवी गाळायची. जुनी चहाची गाळणी त्यासाठी वेगळी काढून ठेव, त्यावर सुती फडकं अंथर. लाजायचं काही नाही यात. आणि खडा दिसो न दिसो, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी कर, सोबत लघवीची तपासणी आणि रक्तातलं क्रिएटिनिन. नळीच्या मधल्या भागातला खडा सोनोग्राफीला कधी कधी दिसत नाही. संशय राहिलाच तर डॉक्टर सीटी स्कॅन सांगतील, तो खर्च वायफळ समजू नको.

आता मला जे खरं बोलायचंय ते. हा खडा तुझ्या पोटात तयार का झाला?

तुझा दिवस मला माहीत आहे. पहाटे आसनगावची लोकल, जवळजवळ दोन तास उभ्याने दादर, संध्याकाळी तसंच परत. लोकलमध्ये संडास नाही. म्हणून तू सकाळी फक्त अर्धा कप चहा घेतेस, पाण्याला हात लावत नाहीस. ऑफिसात पोचल्यावर थोडं पितेस, आणि दुपारी तीननंतर पुन्हा बंद, कारण परतीचा प्रवास. कसारा-आसनगावच्या डब्यातल्या किती बायका असं करतात ते विचार एकदा मैत्रिणींना. हाताशी पाण्याची बाटली असते आणि कोणी पीत नाही.

आणि आई आठव. आवणीच्या दिवसांत सकाळपासून गुडघाभर चिखलात वाकलेली, अंगावर इरलं, वरून पाऊस, खालून पाणी, आणि स्वतः घोटभरसुद्धा प्यायची नाही. कारण सगळं शेत उघडं, बांधाआड पुरुष माणसं, जायचं कुठे? वीटभट्टीवरच्या बायकांचं तर त्याहून वाईट. दिवाळीनंतर जी कुटुंबं भट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मार्च-एप्रिल-मेचं ऊन, शेजारी पेटलेली भट्टी, घामाने अंगातलं पाणी जातंय, आणि बाई पाणी टाळतेय, कारण आडोसा नाही. वर तहान भागवायला कोरा चहा. लघवी घट्ट, पिवळीजर्द होते. अशा घट्ट लघवीत क्षार विरघळून राहत नाहीत, त्यांचे कण जमतात, कणावर कण बसतो आणि खडा होतो. बायांना खडे होतात त्याला त्यांचं नशीब जबाबदार नाही, आडोसा नसणं जबाबदार आहे.

आणि हे कुठे, तर शहापूर तालुक्यात. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देतंय. भातसा याच तालुक्यात. ते पाणी आपल्या दारावरून खाली जातं, आणि एप्रिल उजाडला की वरच्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांच्या रांगा लागतात. लांबून डोक्यावरून आणलेलं पाणी बाई आधी सासऱ्यांना देते, पोरांना देते, गुरांना दाखवते. स्वतःच्या वाटणीचं मोजून पिते. ग्रामसभेत पाण्याचा विषय निघाला की मी हेसुद्धा बोलते, की हा किडनीचा विषय आहे. तूही बोल. आणि शेताच्या कडेला, भट्टीवर, बाजाराच्या गावात बायांसाठी आडोसा मागायचा तर तोही याच कारणाने मागायचा.

पण तोवर तुझं काय? ज्याला एकदा खडा झाला, त्याने दिवसाला अडीच लिटर लघवी होईल एवढं प्यायला हवं. म्हणजे पाणी, ताक, पेज, सगळं धरून तीन लिटरच्या आसपास, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. इटलीत एकदा खडा होऊन गेलेल्या माणसांचे दोन गट करून पाच वर्षं पाहिलं होतं. ज्यांनी मुद्दाम भरपूर पाणी प्यायलं त्यांच्यात शंभरातल्या बाराजणांना पुन्हा खडा झाला, बाकीच्यांत सत्तावीसजणांना. नुसत्या पाण्याने एवढा फरक. तुला तीन लिटर एकदम प्यायचं नाही, प्रवासाच्या भोवती वाटायचंय. ऑफिसात पोचलीस की लगेच दोन ग्लास. दुपारपर्यंत लिटरभर. निघण्याच्या तास-दीड तास आधी थांब, निघताना जाऊन ये. घरी आल्यावर पुन्हा दोन-तीन ग्लास, आणि निजताना एक. रात्री एकदा उठावं लागेल. उठ. रात्रीच लघवी सगळ्यात घट्ट होते, तेव्हाचा तो एक ग्लास फार मोलाचा. मोजायला सोपी खूण म्हणजे रंग: लघवी पाण्यासारखी नाही तरी फिकट, पिवळसर झाक असलेली हवी. रजेच्या दिवशी पाणी पिते आणि कामाच्या दिवशी पीत नाही, असं नको.

बोअरच्या पाण्याने खडे होतात म्हणून तुम्ही विकतच्या बाटल्या आणताय, ते बंद करा. जड पाण्याचा दोष असलाच तर थोडा. कमी पिण्याचा दोष त्याच्यापुढे कितीतरी मोठा. स्वच्छ असेल ते बोअरचं पाणी पोटभर पी.

खाण्याचं विचारशील, तर आधी दूध-ताक चालू कर. खडा कॅल्शियमचा, म्हणून दूध बंद, दही बंद, असं कोणीतरी सांगितलंय तुला, ते उलटं आहे. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि संडासवाटे घेऊन जातं. ते कॅल्शियमच तोडलं तर ऑक्झलेट मोकळं रक्तात शिरतं आणि लघवीत उतरतं. कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर त्या जेवणासोबत घे, उपाशीपोटी नको. टोमॅटो, वांगी, पेरूच्या बिया पोटात जाऊन खडा होतो, हेही खरं नाही. बी आतड्यात जाते, किडनीत नाही.

पण शेवळांबद्दल ऐक. पहिल्या पावसानंतर ठाकरणी शेवळं घेऊन बाजारात बसतात, आणि तुला ती किती आवडतात ते मला माहीत आहे. शेवळं नीट शिजली नाहीत तर घसा का खाजतो? त्यात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या बारीक कण्या असतात म्हणून. म्हणून तर आपण त्यात काकडं घालतो, चिंच घालतो, भरपूर शिजवतो. अळूचंही तसंच. त्या आंबटाने आणि शिजवण्याने घसा वाचतो, पण ऑक्झलेट सगळं जात नाही. तुझा खडा तसलाच निघाला तर शेवळं वर्ज्य करू नको, एवढी मी कठोर नाही. पण हंगामात एक-दोनदा खा, आणि त्या जेवणात वाटीभर ताक किंवा दही घे. पालक, राजगिरा, मूठमूठ शेंगदाणे, यांनाही तोच नियम. कोऱ्या चहात ऑक्झलेट असतं, म्हणून चहा दुधाचा घे आणि दोन कपांवर थांब.

मिठाचं मात्र मी कठोरपणे सांगेन. जास्त मीठ खाल्लं की किडनी ते बाहेर टाकताना सोबत कॅल्शियमही लघवीत टाकते. दिवसाला सगळं मिळून चमचाभर मीठ, एवढीच मर्यादा. आपल्या घरात सुकट, जवळा, सुके बोंबील असतातच, आणि पावसाळ्यात तर रोज. त्यात मीठही आहे आणि युरिक अ‍ॅसिड वाढवणारे घटकही. आठवड्यातून एखाद्या वेळी, कोमट पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून मग कर. लोणचं-पापड ताटात रोज नको. मटण-कोंबडी सणावाराला ठीक. लिंबू मात्र रोज, कारण लिंबातलं सायट्रेट खडा जमू देत नाही. पण साखर-मीठ घातलेलं सरबत नव्हे, नुसतं पाण्यात पिळलेलं लिंबू. आणि बिअरने खडा पडतो असं जे भावोजींचे मित्र सांगतात, ते तू भावोजींच्या डोक्यातून काढ. बिअरने लघवी होते आणि मग शरीर सुकतं, शिवाय युरिक अ‍ॅसिड वाढतं.

समज, सहा आठवड्यांत खडा नाहीच पडला, किंवा कळा थांबेनात. तरीही पोट कापायचं, असं नाही. शरीराबाहेरून लहरी सोडून खडा फोडता येतो. १९८० साली जर्मनीत म्युनिचला हा उपचार पहिल्यांदा झाला, आता तो जुना, रुळलेला आहे. चुरा होतो आणि तो लघवीवाटे पडतो. गरोदरपणात आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू असताना तो करत नाहीत. तुझ्यासारखा अगदी खाली अडकलेला खडा लघवीच्या वाटेने दुर्बीण घालूनही काढतात, त्यातही कातडीला छेद नसतो. दोन्हींबद्दल डॉक्टरांना विचार, आणि ‘किती दिवसांनी’ हेही विचार. खर्चाचं म्हणशील तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत खड्याचे उपचार आहेत. कुठल्या रुग्णालयात कुठला होतो, ते भरती होण्यापूर्वी तिथल्या आरोग्यमित्राला विचार, रेशन कार्ड आणि आधार सोबत ने. भावोजींनी खासगीत आगाऊ पैसे भरायच्या आधी उल्हासनगरच्या सरकारी मध्यवर्ती रुग्णालयातही चौकशी करावी.

खडा पडला की तो टाकून देऊ नको. धुऊन, सुकवून, लहान डबीत ठेव. कल्याणच्या लॅबमध्ये तो कशाचा आहे ते तपासून मिळतं. त्यावर पुढचं सगळं ठरतं. कॅल्शियम ऑक्झलेटचा असेल तर मी सांगितलं ते पुरे. जंतुसंसर्गातून झालेला असेल तर लघवीतला संसर्ग मुळापासून बरा करावा लागतो, नाहीतर तो भराभर वाढतो. आणि युरिक अ‍ॅसिडचा निघाला तर त्याचं वेगळंच आहे. तो खडा औषधाने खरोखर विरघळतो. लघवीची आम्लता कमी करणारं पोटॅशियम सायट्रेट देतात, कागदी पट्टीने लघवी तपासत डोस ठरवतात, आणि किडनीतले मोठेसुद्धा काही महिन्यांत विरघळून जातात. तो साध्या एक्स-रेत दिसत नाही, म्हणून एक्स-रे स्वच्छ आला तरी ‘खडा नाही’ असं समजून बसायचं नाही. मुरबाडला आमच्या आळीतल्या आजोबांचं असंच झालं होतं.

डबी मिळाली की मला फोन कर. लॅबमध्ये मी घेऊन जाईन, तुला त्यासाठी रजा टाकायला नको.